मी चुलीत टाकलेल्या गोळ्या

गोळ्यांचं रिकामं पाकीट दिसलं की तुम्ही काय समजता — गोळ्या पोटात गेल्या, हेच ना? तीही तेच समजली. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

ती म्हणजे पुण्याहून डॉक्टरांबरोबर महिन्यातून एकदा पौडच्या दवाखान्यात येणारी फार्मासिस्ट. मानसिक आजाराची औषधं हेच तिचं काम. माझ्या धाकट्या भावाला, सुरेशला, कानात आवाज यायचे. गोळ्यांनी ते थांबले. तो परत भाताच्या खाचरात उतरला. तिनं मला बजावलं होतं — रिकामी पाकिटं आणून दाखवायची. आणि दोन दिवसांहून जास्त खंड पडला तर गोळ्या आपल्या मनानं सुरू करायच्या नाहीत, आधी विचारायचं. अंगाची सवय मोडते, पुन्हा अगदी थोड्यापासून चढवाव्या लागतात; एकदम पूर्ण घेतल्या तर जिवावर बेतू शकतं. मला सांगितलं, कारण घरात शिकलेला मीच.

आणि मी? पत्रकांवर वाढलेला. आमच्या कोळवणच्या जमिनी घेणाऱ्यांविरुद्ध लिहायचो, औषध कंपन्यांविरुद्धही — माणसाला गुंगीत ठेवून गप्प करतात म्हणून. सुरेश दिवसा पेंगायचा, उशी लाळेनं भिजायची. मला तो पुरावाच वाटला. बंद कर, म्हटलं. तो हसला, “दादा, तू म्हंतुयास म्हंजी छापल्यालंच की!”

रोजच्या गोळ्या मी चुलीत टाकल्या. पाकिटं मात्र जपली. पौडला तिनं ती मोजली. “शाब्बास, सुरेश!” म्हणाली. सुरेशनं माझ्याकडे पाहिलं — मी भिंतीकडे.

थोड्याच दिवसांत तो खाचरात उभा राहून कुणाशी तरी भांडू लागला. आईनं नवं पाकीट माझ्या हातातून ओढून घेतलं. “आजपासनं मी देनार. तुजं ध्यान समदं त्या कागदांत!” त्या रात्री तिनं पूर्वीइतक्याच पूर्ण गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. मला नियम पाठ होता. एक वाक्य पुरलं असतं. पण ते बोललो असतो तर आधीचं सगळं बोलावं लागलं असतं — म्हणून मी दारात नुसता उभा राहिलो.

सकाळी अंथरुणातून उठताना सुरेश कोसळला. जीप पौडला पोचायच्या आत गेला.

ती फार्मासिस्ट घरी आली. एकच विचारलं, “मध्ये खंड पडला होता का?”

“नाही. पाकिटं तुम्हीच मोजलीत ना?”

तिनं मान खाली घातली. गावात म्हणू लागले, औषधवाल्या बाईनं पोरगं मारलं. पुढच्या महिन्यात ती आली नाही. त्यानंतरही कधी नाही. अन्यायावर पत्रकं काढणारा मी — त्यावर एक ओळ लिहिली नाही.

वय लहान होतं, असं म्हणणार नाही. कळत होतं.

तुमच्या घरात असं पाकीट असेल आणि गोळ्यांना खंड पडला असेल, तर पुढची गोळी देण्याआधी औषध देणाऱ्याला खरं काय ते सांगा. आजच सांगा.