पंपरूमचं सील

२०२३ साली मी सहासष्ट वर्षांचा होतो. फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत आलो, तेव्हापासून हडपसरला एका बारदानाच्या गोदामावर सिक्युरिटी. शाळा माझी चौथीपर्यंत, पण ड्यूटीत कुणी बोट दाखवलं नाही. जोडीला नाईक रशीद शेख, माझ्याच पलटणीतला. त्या गेटला आम्ही पोस्टच मानायचो.

आग विझवायच्या पाइपाला पाणी देणारी मोटार कधीची जळालेली. दर दिवाळीला शेठ म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू, काका. आग काय रोज लागते का?"

रशीद म्हणायचा, "बंदूक तरी रोज कुठं झाडत होतो, शेठ?"

मग एकदा शेठनी सांगितलं, नवी मोटार बसली. पंपरूमला कुलूप, कुलपावर लाखेचं सील. "गॅरंटी आहे, तोडू नका." फौजेत हुकमाशिवाय सीलला हात लावत नाहीत. आम्ही रोज राउंडला सील शाबूत आहे, एवढंच बघायचो.

मे महिन्यात, भर दुपारी, मागच्या थप्पीतून धूर निघाला. ताग तो, भडकायला किती वेळ! फायर ब्रिगेडला फोन केला. हमाल बाहेर पळाले, एक आत राहिला. रशीद पाइप ओढत आत शिरला. मी बाहेर व्हॉल्व्हवर, मोटारीचं बटणही तिथंच. वॉकी-टॉकी चालू.

"पाणी सोडा."

"सोडलंय. बटण दाबलंय."

"येत नाही."

"रशीद, बाहेर ये."

"माणूस दिसतोय. तुम्ही पाणी बघा, साहेब."

दगडानं कुलूप फोडलं. आत तीच जळकी मोटार. वरून नवा निळा रंग.

हमाल रांगत बाहेर आला. रशीदनी त्याला पुढं ढकललं होतं. मागून थप्पी रशीदवर कोसळली.

संध्याकाळी हॉस्पिटलात शेठ आले. मला बाजूला घेतलं. "काका, रशीदची शिफ्ट संपली होती. आपल्या मनानं आत गेला, असं सांगायचं. मोटारीचं बोलायचं नाही."

"सील तुम्हीच केलं ना?"

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

मला एवढं कळत होतं, की शिफ्ट संपली म्हटलं तर रशीद पोस्टवर मेलाच नाही. त्याच्या बायकोला भरपाईचं कुणी विचारणार नाही. उलट म्हातारं वेडं होतं म्हणतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फौजेतली मेडलं लावली आणि पोलीस चौकीत गेलो. तिथले साहेब म्हणाले, "बसा, आजोबा." मी बसलो नाही. म्हटलं, "आधी हे लिहा. नाईक रशीद शेख. ड्यूटीवर." मोटारीचं त्यानंतर सांगितलं. अंगठा नाही, सही केली. मग तसाच जनाज्याला खांदा द्यायला गेलो.