बाणांची जुनी पिसं काढताना

आज मंगळवार. सकाळी साडेनऊला भास्कर गेला.

चार वाजता त्रिशरण-पंचशील झालं. पाचपर्यंत सगळं आटोपलं.

मी त्याच्याशी एकदा खोटं वागलो होतो. त्याच्यासमोर बोलायचं राहून गेलं, म्हणून इथं लिहितोय.

आम्ही कॉलेजपासूनचे मित्र. दोघांना तिरंदाजीचं वेड.

तो चिकलठाण्याला एका कंपनीत पेंट शॉपमध्ये हेल्पर होता. फर्स्ट शिफ्ट करून सायकलवर थेट ग्राउंडवर यायचा.

मी त्याला "फोरमनसाहेब" म्हणायचो. तो मला "बामना".

तिरंदाजी शिकवणाऱ्या सरांनी पुण्याहून त्याच्यासाठी अॅल्युमिनियमचे आठ जुने बाण आणले होते. पिसं झडलेली. ती काढून नवी लावायची होती.

पीस काढणं सोपं असतं. खाली चिकटलेल्या सोल्युशनची रेघ काढणं अवघड.

त्यानं कंपनीतलं तुटकं हेक्सॉ ब्लेड घासून बोथट केलं होतं. आधी थिनरची चिंधी गुंडाळायची, थोडं थांबायचं, मग ब्लेड आडवं धरून हळू ढकलायचं.

मी घाई करायचो.

"आरं बामना, वांगं सोलायलास का? चरा पडला तर बाण गेला."

"फोरमनसाहेब, तुम्हीच करा मग."

"मी केलं तर तू कवा शिकशील? आन् अंगठा फिरव. डोळ्याला दिसत नाय, अंगठ्याला कळतं."

एकदा मी आठही बाण थिनरनं इतके चकाचक पुसले, की त्यावरचे नंबरही गेले. कुठला बाण कुठं जातो हे त्याला नंबरावरून पाठ होतं.

मला वाटलं, आता मारतो. तो खाली बसून हसत सुटला. मग दोन दिवस एकेक बाण मारून त्यानं सगळे पुन्हा ओळखून काढले.

त्याच वर्षी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. खेड्यापाड्यांत वस्त्या जळत होत्या. त्याची आई गावाकडंच होती.

त्या दिवशी मी आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरी, मागच्या अंगणात बसून त्याचेच बाण साफ करत होतो. त्याला डबल शिफ्ट लागल्यानं ते माझ्याकडं दिले होते.

दार वाजलं. वडिलांनी उघडलं.

"काका, सुधीर हाय का?"

"नाही. बाहेर गेलाय."

"आई आलीय गावाकडून. घर ऱ्हायलं नाय तिकडं. माझ्या खोलीचा मालक पण नको म्हणतोय. आजची एक रात्र..."

"अरे, दिवस कसे आहेत बघतोस ना. त्यात आमच्याकडं पाहुणे आलेत."

पाहुणे कुणीही नव्हते.

माझ्या हातात ब्लेड होतं. मी ते तसंच धरून ठेवलं. खरवडल्याचा आवाज दारापर्यंत जाऊ नये म्हणून.

मी वीस वर्षांचा होतो. वडिलांना घाबरत होतो. वडील शेजाऱ्यांना घाबरत होते.

"बरं काका," तो म्हणाला.

मायलेकांनी ती रात्र स्टँडवर काढली. हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं.

आठ दिवसांनी तो ग्राउंडवर आला. मी बाण दिले. त्यानं प्रत्येकावरून अंगठा फिरवला.

"आता जमलं बघ तुला."

एवढंच. मी वाट पाहत राहिलो, की तो विचारेल. त्यानं विचारलं नाही.

पुढं तो खरोखरच फोरमन झाला. माझ्या लग्नात पंगतीला वाढायला उभा राहिला. मी त्याच्या घरी गेलो की त्याची आई आधी मला चहा द्यायची. प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगून टाकू. चहा पिऊन परत यायचो.

आज सगळे पांगल्यावर वहिनींनी मला बाजूला बोलावलं.

"भावजी, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही घरातच होता ना?"

मी "हो" म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"त्यांना माहीत होतं. दारात थिनरचा वास येत होता म्हणायचे. मला बजावलं होतं, सुध्याला कधी विचारू नको, त्याला खाली बघावं लागंल."

मी खालीच बघत होतो.

"पण सासूबाईंना त्यांनी कधी सांगितलं नाय. त्या मरेपर्यंत म्हणायच्या, बामनाचं पोरगं घरात नसंल. असतं तर उठून आलं असतं."

मी तिथून निघालो.

भास्कर, मी घरात होतो. उठलो नाही.

तुला शेवटचा जयभीम, मित्रा.

घरी कुणी नाही, सगळे पुण्याला आहेत. आल्यावर अंघोळ केली. अंगावरचे कपडे धुतले, पिळले आणि गच्चीवर वाळत घातले.