टॉर्पेडो बोटीवरचा होयबा

किटली गॅसवर बोंबलत होती आणि तिच्या शेजारी बसून आमचे बाबा निवांत मटार सोलत होते. बाबा म्हणजे माझे सासरे. मी धावत येऊन गॅस बंद केला, तर म्हणाले, ‘‘झाला का चहा?’’ त्यांना ऐकू येत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला माहीत नाही, असं फक्त त्यांना वाटतं.

तरुणपणी ते नौदलाच्या टॉर्पेडो बोटीवर इंजिन सांभाळायचे. बोट छोटी, पण भलतीच चपळ. शत्रूच्या जहाजाजवळ जायचं, टॉर्पेडो सोडायचा आणि वळून सुसाट पळ काढायचा. खाली इंजिनखोलीत कानठळ्या बसवणारा आवाज. वरून कुणी वाकून ओठ हलवले की मान डोलवायची आणि हाताच्या खुणेवरून काय ते समजून घ्यायचं. ती मान अजून डोलते. भाजीवाला भाव सांगो की डॉक्टर पथ्य, बाबांचं आपलं ‘‘हो हो, अगदी बरोबर.’’ गल्लीत त्यांचं नावच होयबा पडलंय. कानाच्या मशीनचा विषय मात्र त्यांना बरोबर ऐकू येतो, आणि ते उठून जातात.

तेवढ्यात दार वाजलं. दारात माझ्याच वयाची एक बाई होती. तिचे वडील बाबांचे इंजिनखोलीतले जोडीदार. एकदा बोटीला आग लागली, तेव्हा ते गेले. ही तेव्हा तान्ही होती. तिनं वडिलांचा फोटो पुढे केला आणि बाबांचा चेहरा उजळला. तिचा हात हातात घेऊन बसले. मी चहा दिला. मग पर्सच्या बंदाशी चाळा करत, खाली बघत तिनं विचारलं, ‘‘काका, आमच्याकडे सगळे म्हणतात, माझे बाबा भिऊन सगळ्यांच्या आधी उडी टाकून पळाले आणि बुडाले. खरंय का?’’

‘‘हो हो,’’ बाबा हसून म्हणाले, ‘‘अगदी बरोबर.’’

तिनं कप बशीत ठेवला आणि चपला घालायला गेली. मी मागे धावले, त्यांना ऐकूच येत नाही म्हणून सांगितलं.

‘‘मग हसले कशाला?’’ ती म्हणाली.

तिला कसंबसं दाराशी थांबवलं, आत आले आणि बाबांच्या त्यातल्या त्यात बऱ्या, डाव्या कानाशी तोंड नेऊन तिचा प्रश्न ओरडून सांगितला. ती बाहेर ऐकते आहे, या विचारानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबांनी पुन्हा सोलायला घेतलेली शेंग हातात तशीच राहिली. ‘‘मी काय म्हणालो?’’

‘‘हो म्हणालात.’’

त्यांची मान खाली गेली, कानांच्या पाळ्या लाल झाल्या. एरवी घर दणाणून सोडणारा आवाज, पण आता मलाच कान द्यावा लागला. ‘‘अगं, त्यानं मला शिडीवरून वर ढकललं. तो खालीच राहिला. आणि मी त्याच्या पोरीला...’’

मी सांगते तिला, असं म्हणून मी उठले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. वर मात्र पाहिलं नाही.

‘‘मला ऐकू येत नाही, हे तिला मीच सांगतो. तू फक्त तिला या डाव्या कानाच्या बाजूला बसव.’’