वाघ्याचं पहिलं नाव

दिघाशीच्या वरच्या अंगाला वारल्यांचा पाडा आहे. तिथल्या वाघ्याला कुणीही विचारावं, तू कोण? तो म्हणणार, वारली. बाप वारली, आजा वारली, यात विचारण्यासारखं आहे काय? पण दोन हजार सहा साली नात मनिषा बारावी झाली, नर्सिंगच्या राखीव जागेवर तिचं नाव लागलं, आणि सरकारला त्याचा शब्द पुरेना. पन्नास सालाआधीचा घरातल्या कुणाचा तरी कागद आणा, तरच जातीचा दाखला. मुदत शनिवारपर्यंत.

जुन्या जन्ममृत्यूच्या वहीत वाघ्या सापडेना. सापडणार कसा? जन्मला शुक्रवारी, म्हणून नाव ठेवलं होतं शुक्र्या. वर्षाचा असताना तो तापानं फणफणला. भगत म्हणाला, पोराचं नाव बदला, जुन्या नावाला मूठमाती द्या, दुखणं फसेल. पोर वाघ्या झालं आणि जगलं. आई ही गोष्ट हसत हसत सांगायची. ती आठवली तसा म्हातारा मनिषाला घेऊन बुधवारी पुन्हा भिवंडीच्या कचेरीत धावला. आणि खरोखरच अठ्ठेचाळीस सालच्या पानावर नोंद होती: शुक्र्या, बाप नामा, जात वारली. मनिषाला तिथल्या तिथे रडू फुटलं.

कारकून भला होता. त्यानं जबाब लिहून घेतला, की शुक्र्या म्हणजे मीच. वाघ्यानं ऐटीत अंगठा उठवला. जबाबावर शिक्का बसला, नंबर पडला. मग कारकुनानं सहज पुढची पानं चाळली आणि त्याचा हात थांबला.

"बाबा, हा शुक्र्या तर एकोणपन्नास साली मेलाय. तापानं. बापानंच सांगितलंय."

वाघ्याला उमगायला वेळ लागला. नामा भाबडा माणूस. दुखण्याला अर्धवट फसवून कसं चालेल? नाव मेलं म्हणजे मेलं, म्हणून त्यानं जन्ममृत्यू लिहिणाऱ्या कोतवालालाही तसंच सांगितलं होतं.

"पन मी जिता हाय ना, साहेब! तुमच्यापुढं उभा हाय."

"दिसतंय रे मला. पण लिहू काय?" कारकुनानं चष्मा काढला. "शुक्र्या माझा थोरला भाऊ होता, एवढं म्हणाला असतास तरी भागलं असतं. भावाची नोंद चालते. आता अंगठा देऊन बसलास. जबाब फिरवलास तर खोटा ठरशील."

अपील करा, म्हणाला. सरकारी काम अन् सहा महिने थांब, आणि शनिवार तर तीन दिवसांवर! शनिवार आला तसा गेला. जागा दुसऱ्या कुणा मुलीला मिळाली. तिचा तरी काय दोष?

काल्हेरच्या गोदामात खोकी बांधायचं काम मनिषाला एका दिवसात मिळालं. तिथे कुणी दाखला मागितला नाही. पहिल्या दिवशी डबा घेऊन निघताना ती दारात थांबली.

"आजा, खरा कशाला सांगितलास?"

वाघ्यानं जन्मात कधी कुणाला फसवलं नव्हतं, आणि त्या खरेपणाची अशी लाजही त्याला कधी वाटली नव्हती. त्याला तिच्याकडे बघवेना.

"चुकला माजा, पोरी," तो म्हणाला.