रिक्षात सुचलेलं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला माझे सगळे पासवर्ड पाठ आहेत. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही सुवेनाला ओळखत नाही, म्हणून असेल.

सुवेना माझी भाची, दादाची मुलगी. नाव छान आहे ना? सगळेच म्हणतात. ते मी ठेवलं. आमच्याकडे तो मान आत्याचा.

पण आधी बाबांबद्दल सांगायला हवं — माझ्या वडिलांबद्दल. त्यांचं जन्माचं नाव कचरू. गावात आमच्या लोकांना असलीच नावं मिळायची, नुसती हाक मारली तरी अपमान व्हावा अशी. घरानं धम्म स्वीकारला तेव्हा ते शाळेत होते. नवं नाव त्यांनी स्वतः निवडलं आणि जन्मभर जपलं. नात झाली तेव्हा त्यांनी मला एकच काम सांगितलं — विहारात पावसाळ्यापुरते वर्षावासाला आलेल्या भंतेजींना भेट, चांगलं पाली नाव विचार, अर्थ समजून घे. घाई करू नकोस.

मी गेले का? नाही. तेव्हा मी हडपसरला एका कंपनीत प्रोग्रॅमर होते. साल दोन हजार उजाडलं की जगातले कॉम्प्युटर बंद पडणार अशी हवा होती, आणि ते वाचवायची जबाबदारी जणू माझ्या एकटीवर होती. आज जाऊ, उद्या जाऊ — पावसाळा संपला, भंतेजी निघूनही गेले. नामकरणाच्या दिवशी ऑफिसातूनच रिक्षा पकडून विश्रांतवाडीला निघाले, तेव्हा माझ्याकडे नाव नव्हतं. येरवड्याच्या सिग्नलला एका नव्या बिल्डिंगची जाहिरात दिसली. सुवेना — टू अँड थ्री बेडरूम फ्लॅट्स. झालं काम!

घरी वंदना झाली. मी बाळाच्या कानात नाव सांगितलं. बाबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "अर्थ काय गं?"

खरं सांगता आलं असतं. का नाही सांगितलं? शिकलेल्या मुलीची ऐट, दुसरं काय. "दुसऱ्यांसाठी दिवा धरणारी," मी म्हणाले. "भंतेजींनीच सुचवलं." जराही अडखळले नाही. बाबा तो अर्थ पुन्हा पुन्हा पुटपुटत राहिले, आणि मग त्यांनी डोळे पुसले.

पुढे जे झालं, त्यानं आजही माझ्या अंगावर काटा येतो.

बाबा तिला मांडीवर घेऊन रोज तो अर्थ सांगायचे. पोर जरा मोठी झाली, आणि पुण्यात लोडशेडिंग सुरू झालं. वीज गेली की ही टॉर्च घेऊन जिन्यात उभी! कुणी सांगितलेलं नसताना. वरच्या मजल्यावरच्या शेख चाचींचे गुडघे गेलेले. ही त्यांच्या पुढे, तोंड त्यांच्याकडे करून, एकेक पायरी उलटी चढायची, उजेड त्यांच्या पावलांवर. एकदा मी खालून पाहिलं. म्हटलं, भीती नाही वाटत? तर म्हणाली, "आत्या, माझं नावच तसं आहे ना."

फ्लॅटच्या जाहिरातीतलं नाव, वेळ मारून नेण्यासाठी जुळवलेला अर्थ — आणि त्यातून हे? हे कुठून आलं? माझ्याकडून तर नक्कीच नाही.

तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. बाबा शेवटच्या आजारपणात चाचींना सांगत होते — आमच्या घरात एक तरी नाव नीट विचार करून ठेवलं गेलं. मी त्यांच्यासाठी पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होते. आत जाऊन तो त्यांच्या ओठांना लावला.

सुवेना आता पाली शिकते. बरी चाललेली नोकरी सोडून. आपलं नाव ज्या भाषेतून आलं ती यायला हवी, म्हणाली.

परवा तिचा फोन आला. हा शब्द तिच्या सरांनाही कुठे सापडत नाहीये, फार जुना असणार म्हणतात. केवढा आनंद होता तिच्या आवाजात! "आत्या, भंतेजी कुठल्या ग्रंथाचं बोलले होते, आठवतं?"

"नाही गं," मी म्हणाले. "शोध. सापडेल."

ती शोधते आहे.