कुसुमताईंची हूल

कुसुमताईंना नमस्कार करायला कोणीही पुढे झालं, की त्यांचा डावा खांदा किंचित हलायचा. बस, एवढंच. हात जागचा उठायचाही नाही. तरी समोरचा माणूस दचकून मान मागे घ्यायचा आणि ताई समाधानाने म्हणायच्या, "पडली पापणी!" माझे बाबा मला पहिल्यांदा त्यांच्याकडे घेऊन गेले तेव्हा बाबांचीही पडली. बाबा कचेरीत कारकून, चारचौघांत मान राखून असलेले. त्यांना भयंकर राग आला. मला मात्र हसू फुटलं आणि तिथेच मी ठरवून टाकलं, शिकायचं तर या बाईकडेच.

मलकापुरात लोक ताईंना दोन तऱ्हांनी ओळखत. सकाळी बाजारात मेथी-पालक विकणारी कुसुम, आणि संध्याकाळी समाजमंदिराच्या हॉलमध्ये पोरींना कराटे शिकवणारी बाई. गावाबाहेर त्यांच्या सासरचा भाजीचा मळा होता. अकोल्याला कॉलेजात असताना त्यांनी काळा पट्टा मिळवला होता. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत तो बांधून त्या अंगणात सरावाला उतरल्या, तेव्हा सासूबाईंनी तोंडाला पदर लावला, ही गोष्ट त्या स्वतःच रंगवून सांगत. मी त्यांना पाहिलं ते चाळिशीत. अंग सुटलेलं, गुडघा अधू, लाथ कमरेच्या वर जायची नाही. तरीही त्यांच्याशी लढणाऱ्या पोरीला ठोसा दिसायचा नाही. लागला की मगच कळायचा.

इतर क्लासांत जोर-बैठका आणि आरोळ्यांवर भर. ताईंचा सगळा जीव हुलीत. मारल्यासारखं करायचं, समोरच्याला हलवायचं, आणि तो हलतो न हलतो तोच खरा मारायचा. "ताकद तं बैलालेही असते," त्या म्हणायच्या. "तू तिले हालव. हालली का तिचा तोल गेला. तोल गेला का ती तुह्या हाती."

नेमकी वेळ साधायला शिकवायची त्यांची रीत कुठल्याच पुस्तकात नसेल. बाजारातून उरलेली मेथीची जुडी त्या खांद्याच्या उंचीवर धरायच्या. आपण समोर, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून. जुडी सुटली की जमिनीला लागायच्या आत झेलायची. झेलली तर घरी न्यायची. पण दहातल्या आठ वेळा त्या सोडायच्याच नाहीत. नुसती बोटं सैल केल्यासारखी करायच्या आणि आम्ही रिकाम्या हवेवर झडप घालायचो. "काऊन वं, कोठी चालली?" त्या विचारायच्या. पहिले सहा महिने आमच्या घरी काही मेथी आली नाही.

"ताई, मी तं हाताकडेच पाहून राह्यली होती," मी एकदा कुरकुरले.

"हात कायले पाह्यते? हात खोटं बोलते. माहा श्वास पाह्य. कोणतंही खरं काम करायच्या आधी माणूस श्वास घेते."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गळ्याखालच्या खळगीवर नजर ठेवली आणि जुडी झेलली. आईने भाजी केली. तशी मेथी मी पुन्हा खाल्ली नाही.

तीन वर्षांनी बुलढाण्याला जिल्ह्याची स्पर्धा होती. मी फुगून गेले होते. समोर आली साखरखेर्ड्याची एक पोरगी, जेमतेम चार महिने शिकलेली. मी खांद्याची हूल दिली. ती हललीच नाही. पाय सरकवून दिली, नजरेने दिली, बया ढिम्म. मी चौथ्या हुलीची जुळवाजुळव करत होते तेवढ्यात ती सरळ चालत आली आणि तिने माझ्या छातीवर गुद्दा ठेवून दिला. मग दुसरा. मग तिसरा. मी हरले. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते आणि ताई शेजारी बसून मोताळा येईपर्यंत हसत होत्या.

"अवं, तिले तुही हूल दिसलीच नाही! जिनं अजून मार खाल्ला नाही, ते भेईन कशाले?"

"मंग मी काय करायले पाह्यजे होतं?"

"आधी एक खरा द्यायचा. चांगला लागू द्यायचा. मंग त्याच हाताची नुसती हूल दे, पाह्य कशी नाचते."

हा धडा शिकवून त्या स्वतः मात्र तो विसरल्या होत्या. समाजमंदिराचे अध्यक्ष दिगंबरभाऊ, मोठे किराणा दुकानदार. माणूस वाईट नव्हता, पण मोठ्या झालेल्या पोरी हॉलमध्ये ओरडत लाथा झाडतात, हे त्यांच्या डोळ्यांत खुपायचं. "उद्या स्थळं येतीन बाई, लोक विचारतीन," असं ते दर दोन-चार महिन्यांनी येऊन सांगायचे. ताईंचं उत्तर ठरलेलं: "लावा कुलूप. मी तुमच्या दुकानापुढं रस्त्यावर क्लास घेतो का नाही पाहा!" भाऊ हसून निघून जायचे. मी बारावीत गेले त्या वर्षी त्यांनी खरंच कुलूप लावलं.

आम्ही अकरा जणी पायरीवर उभ्या. ताईंनी कुलूप एकदा ओढून पाहिलं.

"माह्यीच चूक," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं या माणसाले मी नुसत्या हुलीच देल्या. एक बी खरा नाही देला. त्याची पापणी काऊन पडीन?"

मग त्यांनी आम्हाला रांगेत चालवत थेट दुकानासमोर नेलं. संध्याकाळची बाजाराची वेळ. पांढऱ्या कपड्यांतल्या अकरा पोरी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि ताईंनी आकडे म्हणायला सुरुवात केली. पहिल्या आरोळीला दुकानातलं गिऱ्हाईक तेलाची पिशवी टाकून बाहेर आलं. थोड्या वेळाने एक हवालदार आला. "बाई, वाहतूक अडून राह्यली."

"आम्ही तं कड धरली आहे, साहेब. गाड्यावाले पोरी पाह्याले थांबले, त्याले मी काय करू? त्याईले हटवा."

हवालदाराने खरोखरच गाड्या हटवल्या! असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी भाऊ किल्ली घेऊन आले. चेहरा पडलेला. "घ्या बाई हॉल. पण दहावीपर्यंतच्याच पोरी येऊ द्या. मोठ्या नको. बरं दिसत नाही."

मोठ्या म्हणजे आम्ही तिघी. तीन पोरींसाठी आठ जणींना रस्त्यावर ठेवायचं, हे मलाच पटेना. मी पुढे होऊन म्हटलं, "ताई, घ्या किल्ली. आम्ही करू आमचं घरी."

"तू गप बस," ताई माझ्यावर खेकसल्या. इतक्या जोरात त्या माझ्यावर कधीच ओरडल्या नव्हत्या. मग भाऊंकडे वळल्या. "भाऊ, दहावीपर्यंत पोरगी नुसतं उभं राह्याले शिकते. मारायले ती पुढं शिकते. तुमाले तेच नको आहे. किल्ली ठेवा तुमच्याजोळ."

त्यानंतर आमचा क्लास भाजीबाजाराच्या ओट्यावर गेला. सकाळचा हर्रास, म्हणजे भाजीचा लिलाव, उरकला की दुपारनंतर तो रिकामा असायचा. पावसाळ्यात वर पत्रे वाजायचे, खाली कोबीच्या पानांवरून पाय घसरायचे. ताई म्हणायच्या, "हॉलच्या फरशीवर कोणीबी उभं राह्यते. इथं राहून दाखवा." मी शिकले, शाळेत नोकरीला लागले, माझं लग्न झालं, शाळेतून सुटले की ओट्यावर जायचं मात्र सुटलं नाही. लहान पोरींना मी शिकवू लागले.

गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. मळ्यात पालक खुडताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मला आधी रागच आला, रडू नंतर आलं. अजून किती शिकायचं होतं त्यांच्याकडून!

तिसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात दिगंबरभाऊ आले. आता थकलेत. डोळे खरंच भरलेले होते. सगळ्यांसमोर मला म्हणाले, "शोकसभा समाजमंदिरात घेऊ. हॉल झाडून ठेवला आहे. बाई मोठी होती."

मी विचारलं, "भाऊ, उद्यापासून तिथे क्लास घेऊ? सगळ्या वयाच्या पोरींचा?"

ते म्हणाले, "तो विषय आज नको काढू, पोरी."

"मग हॉल राहू द्या."

अंगणात चुळबुळ झाली. मेलेल्या बाईच्या दारात असं बोलतात का, असं कोणीतरी पुटपुटलं. बोलू देत. ज्या दारातून ताईंच्या पोरी आत गेलेल्या चालत नाहीत, त्या दारातून त्यांचा हार घातलेला फोटो मी आत नेणार नव्हते.

त्याच संध्याकाळी सहाला ओट्यावर क्लास झाला. एकोणीस जणी आल्या. त्यातल्या दोघी लेकुरवाळ्या, कित्येक वर्षांनी पांढरे कपडे चढवलेल्या. मी समोर उभी राहिले आणि आकडे म्हणायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. पोरी मुठी आवळून वाट बघत होत्या. तेव्हा मागच्या रांगेतल्या एका बाईने कडेवरचं पोर ओट्याच्या कडेला बसवलं, पदर नसतानाही सवयीने कमरेला हात लावला आणि ती भरबाजारात खणखणीत ओरडली, "एक!"

एकोणीस मुठी पुढे गेल्या.