मागच्या दारावरचे तीन ठोके

भूतबीत मी मानत नाही, आजही नाही. तेव्हा कमेंटमध्ये लिंबू-मिरचीचे सल्ले नकोत. झालं ते सांगते, पटलं तर घ्या.

चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे, राहायला रहाटणीत. आमच्याकडे रणगाडे उडवणारी चिलखती गाडी बनते. ही गाडी रणगाड्याला अंगावर घेत नाही... आडोशाला थांबायचं, क्षेपणास्त्र सोडायचं आणि समोरून गोळा यायच्या आत जागा बदलायची. चिलखत रणगाड्यापेक्षा पातळ. गाडी पेटली तर आतल्या चौघांना एकच वाट, मागचं दार. त्या दाराच्या कागदावर सही माझी असते.

गाड्या जोडतात त्या शॉपमध्ये ग्राइंडरचा एवढा आवाज की दाराआडचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून आमची पद्धत अशी — फिटर सलीमभाई आत बसतात, मी बाहेरून दोन ठोके देते. दार आतून उघडत असेल तर त्यांचे दोन, नसेल तर तीन.

मे महिना, सकाळचे साडेअकरा. सलीमभाई आत गेले, दार लागलं. मी टेबलावरचा फॉर्म घेऊन आले आणि ठोकलं. आतून तीन. पुन्हा ठोकलं... पुन्हा तीन, सावकाश, मोजून.

"कुणाला ठोकताय, मॅडम?"

मागे सलीमभाई, हातात चहा. "मी कधीचा बाहेर आलोय. दार आतून उघडतंय की मस्त."

घाबरले मी, खोटं कशाला बोलू. दार उघडलं, आत कुणी नव्हतं. मग मीच आत बसले आणि त्यांना दार लावायला सांगितलं. हँडल नुसतं फिरत राहिलं, दार हललं नाही. मी तीन ठोके दिले तेव्हा त्यांनी बाहेरून उघडलं.

मॅनेजर आले. "बाहेरून उघडतंय ना? गाडी न्यायला ट्रेलर उभा आहे. सही करा, बाकीचं तिकडे गेल्यावर बघू."

भीती कुठल्या कुठे गेली, डोकंच फिरलं. म्हटलं, "सर, तुम्ही आत बसा, मी दार लावते. आतून उघडून बाहेर आलात की लगेच सही."

बसले नाहीत. ट्रेलर रिकामा गेला आणि मला मेमो मिळाला. नंतर लॉक खोललं तर आतली पिन मोडलेली. सलीमभाई बाहेर येतानाच मोडली असणार. पिनचं कळलं, ठोक्यांचं नाही. पत्रा तापला की वाजतो म्हणे... वाजत असेल. पण विचारल्यावरच, दोन्ही वेळा तीनच?

आता सलीमभाई बाहेर आले की दार लावून मी रिकाम्या गाडीवर पुन्हा दोन ठोके देते. लोक हसतात, हसू देत. अजून उत्तर आलेलं नाही. आलं, तर त्या दिवशीही सही होणार नाही.